इंजिन नाही

जाहिरातीच्या शेवटी, बारीक अक्षरांत:
इंजिन नाही.
बाकी सगळं होतं, म्हणायचं तर.
लांब नाक, घोड्यासारखे भरलेले पुठ्ठे,
कुठल्याशा जुन्या शर्यतीतल्या गाडीची
फायबरग्लासमधली नक्कल,
रंग न लावलेली,
नुकत्या कातरलेल्या मेंढीसारखी उघडी.

मटाउराहून ओमारू, ट्रेलर मागे लावून चार तास.
मर्डॉक गिलानिझनं गॅरेजचं दार वर ढकललं
तेव्हा आधी थंडी बाहेर आली, मग तो.
दोन्ही गुडघे धातूचे.
"वाकत नाहीत," म्हणाला, "आणि हिच्यात बसायचं तर
वाकावंच लागतं."
किंमत एकदाच सांगितली.
मी घासाघीस केली नाही.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही,
पण त्याच आठवड्यात मी बाबांची बोट विकली होती.

घरी बॉनेट उघडलं की थेट जमीन दिसायची.
आधी कळस, मग पाया;
माझं लग्नही तसंच झालं होतं.
लिओनीची तपकिरी कोंबडी
इंजिनाच्या जागेत बसायला लागली.
अकरा अंडी दिली तिनं, मी मोजली,
आणि वसंत संपेपर्यंत हातात पाना घेतला नाही.

मग राविरीचा फोन, गोरच्या भंगारखान्यातून.
पुरात वाहून गेलेला एक फाल्कन ट्रक
कुणाच्या तरी कुंपणात अडकलेला सापडला.
आठ सिलिंडर.
"ब्लॉक शाबूत आहे गं, आत नदी आहे."
खरंच होती.
मी चहाच्या चमच्यानं गाळ उपसला,
पाचव्या सिलिंडरमधून गवताचं बी निघालं,
ते खिडकीत कपात लावलं. उगवलं नाही.

दोन हिवाळे.
दिवसा कारखान्यातले फ्रीजर दुरुस्त करायचे,
रात्री हे.
इंजिन बसवलं आणि पुढचा सांगाडा वाकला;
नाकापेक्षा मोती जड.
पुन्हा कापलं, पुन्हा जोडलं,
वेल्डिंगची ठिणगी मोज्यात गेली,
तो डाग अजून घोट्यावर आहे, वाटाण्याएवढा.

तपासनीस दोनदा आला, दोनदा नापास करून गेला:
पट्ट्याची प्लेट दोन मिलिमीटर पातळ.
तिसऱ्यांदा पेन काढून विचारलं,
"कंपनी कुठली लिहू?"
मी त्या प्रसिद्ध नावाचा पितळी बिल्ला
चाळीस डॉलरला घेऊन ठेवला होता,
खिशातच होता.
"घरी बनवलेली," म्हटलं.
त्यानं तेच लिहिलं, स्पेलिंग चुकवून.

स्टिअरिंग मात्र मी बदललं नाही.
पहिल्यांदा नीट हातात घेतलं तेव्हा दिसलं:
कातडं दोन्ही बाजूंना झिजलेलं,
डावीकडे जास्त,
अंगठ्याखाली तर शिवण उसवलेली.
आणि मीटरवर शून्य. पाचही आकडे शून्य.
एक मैलही न गेलेल्या गाडीचं
हे स्टिअरिंग किती रात्री
कोण वळवत होतं,
कुठल्या वळणांवर,
तोंडानं कसला आवाज काढत,
हे मी कुणाला विचारलं नाही.

नोव्हेंबरात ओमारूला गेले.
वाटेत मिल्टनपाशी बंद पडली, पेट्रोलच्या नळीत हवा,
एका दूधवाल्यानं ढकललं.
मर्डॉक फाटकाशी उभा होता, चप्पल उलटसुलट.
आत बस म्हटलं नाही मी, त्यानंही नाही.
इंजिन चालू ठेवलं.
तो डोकं तिरकं करून ऐकत राहिला,
"तिसरा थोडा मागे पडतोय," म्हणाला.
पडत होता.

मग बॉनेटवर तळहात ठेवला
आणि झटकन मागे घेतला.
"गरम आहे," म्हणाला,
जणू एवढीच एक गोष्ट
त्यानं इतक्या वर्षांत
धरली नव्हती हिशेबात.