पाचाच्या पटीत

ग्रंथालयात लोक आधी बाथरूम विचारतात,
मग वायफाय,
मार्चमध्ये करांचे फॉर्म.
जनगणना अशी कुणी विचारत नाही.
विचारतात, "आमच्यासारखे इथे अजून किती?"
तो प्रश्न तक्त्यात नेऊन बसवायचा,
त्याचाच पगार मिळतो मला,
सुपीरियर सरोवराच्या या उत्तर काठावर.

मंगळवारी गॅरेट आला, बसच्या अर्जासाठी.
पहाटे पाच ते सहाच्या दरम्यान
कामाला निघणारे हवे होते त्याला.
सापडले एकशे चाळीस.
"एवढेच?"
म्हटलं, हे टाउनशिपच्या हद्दीतले.
तुझी बस जिथून वळेल ती वस्ती रेषेपलीकडची,
ती दुसऱ्या फायलीत राहते.
त्यानं स्क्रीनवर बोट टेकवलं:
"इथे तर नुसतं कुंपण आहे.
आणि मॅकिव्हरची घोडी."

मग हेल्वी कूसिस्तो. वय चौऱ्याऐंशी,
बुटांवर रस्त्याचं मीठ,
पिशवीत लोणी लावलेला रायचा पाव.
आत खायला बंदी आहे,
हे आम्हा दोघींनाही माहीत.
"फिन्निशवाले उरलेत किती, ते बघ."

आधी समजावलं:
मातृभाषा म्हणजे लहानपणी पहिली शिकलेली,
अजून समजणारी.
घरची भाषा वेगळी,
घरात सगळ्यात जास्त बोलतो ती.
"घरात मी कुत्र्याशी बोलते."
कुठल्या भाषेत?
"त्याला इंग्रजी कुठे येतं!"
मग त्या रकान्यात काय लिहिलंत?
"इंग्रजी. कोण वाद घालत बसणार."

तिला वडीलही बघायचे होते, एकोणीसशे एकतीसमधले.
नावं ब्याण्णव वर्षं कुलपात असतात,
तसा कायदाच आहे. कुलूप आता निघालंय.
पण कूसिस्तो कुठेच नाहीत.
नाव हरवलं की शेजारी शोधायचे, हे माझं जुनं शास्त्र.
"पलीकडे कोण राहायचं?"
"लेफेब्र. त्यांची गाय आमच्या ओट्समध्ये शिरायची."
लेफेब्र सापडले. त्यांच्या खालच्या ओळीत
'एव्हरेट कसिस्टर', शेतकरी,
वाचता येतं: होय.
घरात रेडिओ: नाही.

हेल्वी इतकी हसली
की मुलांच्या कोपऱ्यातून दोन डोकी वर आली.
"होता की! पिठाच्या पोत्यामागे.
परवान्याचे पैसे भरले नव्हते.
आई सांगायची, गणनावाला दारात उभा,
आत कुणी बाई गातेय,
आणि बाबा खोकतायत, खोकतायत,
गाणं संपेपर्यंत."
एवढी वर्षं सरकारदरबारी ते घर मुकं.
आणि मी लोकांना सांगत असते,
मूळ नोंद बघा, मूळ नोंद.

शेवटी आजचा आकडा काढला.
फिन्निश, या टाउनशिपमध्ये: शून्य.

ती चष्मा पुसत राहिली.
मी घाईनं म्हटलं, शून्य म्हणजे कुणीच नाही असं नव्हे.
एकटा माणूस ओळखू येऊ नये
म्हणून आकडे पाचाच्या पटीत करतात,
कधी वर ढकलतात, कधी खाली.
एकाचा शून्य होतो. नाहीतर पाच.
तुमच्या संरक्षणासाठीच आहे ते.
"कुणापासून?"
याचं उत्तर तळटिपेत नव्हतं.

"म्हणजे पुढच्या खेपेला मी पाच होऊ शकते?"
होऊ शकता.
तिनं जरा विचार केला.
"मग मोठी किटली काढायला हवी."

खोकल्याचं पान तिनं छापून घेतलं, वीस सेंट.
शून्य माझ्याकडेच राहिलं,
शेजारी अर्धा पाव. तो मी खाल्ला.

आमच्या दारातलं यंत्र माणूस दोनदा मोजतं,
येताना आणि जाताना.
रात्री बंद करताना मी दोननं भागते.
आज आकडा विषम आला.
शेल्फांमधून एक फेरी मारून आले, कुणी नव्हतं.
मग वहीत लिहिलं: त्र्याऐंशी आणि अर्धा.
पूर्णांक केला नाही.