उगमाचा रकाना

सहा कोटी वर्षांपूर्वी इथे
डोंगराला तोंड नव्हतं.
जमिनीलाच भेगा पडल्या, लांबच लांब,
आणि लाव्हा साईसारखा
थरावर थर धरत गेला.
म्हणून पुण्याला ज्वालामुखी नाही,
ज्वालामुखी नाही म्हणून विवर नाही,
विवर नाही म्हणून तळंही...
वर्गात मी एवढ्यावरच थांबायचो.

वाघोलीच्या बंद खाणीपाशी
दुर्गव्वा कुसाळकर म्हणाली,
"मग ह्ये काय?"

सुतकी, पहार, दुपारी एकचा सुरुंग.
शहराच्या जिन्यांत, जोत्यांत, रस्त्यांखाली
जेवढा दगड गेला
तेवढं पाणी इथे,
काळ्या कड्यांमध्ये उभं, हिरवं.
तळ कुणी मोजलेला नाही.
तिच्या सासऱ्याने मोजलाय,
घमेल्या-घमेल्याने.

कडेला शेंदूर लावलेले दगड. साती आसरा.
दहीभात, लिंबू, हिरव्या बांगड्या.
मी मोजले तर आठ निघाले.
आठव्यापाशी एक काचेची गोटी.
विचारलं नाही.

पदराच्या गाठीतून तिने काढली
निळी गार, करंगळीच्या नखाएवढी.
मी नाव सांगितलं, कॅव्हन्साइट.
समजावलं, की लाव्हा निवताना
त्यातले बुडबुडे आतच अडकतात,
मग त्या पोकळीत हळूहळू...
"म्हंजी दगडाचा दम," ती म्हणाली.
"सुरुंगानंतर वास यायचा येक. त्योच असंल."
वीस वर्षं शिकवतोय.
हा शब्द सुचला नव्हता.

पलीकडच्या कड्यावरून डंपर
राडारोडा ओततोय. फुटक्या फरशा, कमोड,
आणि कुठल्याशा जोत्याचे काळे चिरे,
परतीच्या वाटेवरचे.
दर खेपेला पाणी केसभर चढतं.
टिबुकलीचं घरटं शेवाळाला बांधलेलं, तरंगतं,
तेही चढतं.
तिला वाटत असेल, कुठेतरी पाऊस झाला.

बाटली भरली. तारीख, वेळ, तापमान, क्षारता.
फॉर्मवर पुढचा रकाना: उगम.
नैसर्गिक की मानवनिर्मित, एकावर खूण करा.
दुर्गव्वा वाकून बघते. तिला वाचता येत नाही.
"सासऱ्याचं नाव बसंल का हितं?"

चौकोन तांदळाच्या दाण्याएवढा.
पेन उघडंच राहिलं हातात.
टिबुकलीने बुडी मारली
आणि आम्ही दोघं जिथे बघत होतो
तिथे वर आलीच नाही.
पार तिकडे निघाली,
डंपरच्या सावलीत.