पाय करणारा

कणकुंबीच्या अलीकडं, मोरी ओलांडून
डावीकडं उतरलं की
ओढा दिसायच्या आधीच
बाकीचं ऐकू येणं बंद होतं.
ऑक्टोबर. पाणी ओसरतंय, आवाज अजून तसाच.
मष्णू पुढं, कोयता कमरेला.
मी मागं, वही पिशवीत, पिशवी प्लास्टिकात.

डोहात आधी मासे.
दगडाला पोट चिकटवून मुरी,
तोंड धारेकडं. तासभर पोहत असते
आणि तिथंच असते.
माझी सावली पडली की मळव्यांचा थवा फुटतो,
काढली की जुळतो.
मी लिहितो: मळवे, अंदाजे चाळीस.
मष्णू वाकून बघतो, बोटांनी दाखवतो: साठ.
त्याचंच बरोबर असणार.

मग खांदा धरून मला वळवतो.
धबधब्याच्या अगदी कानाशी, ओल्या खडकावर
सुपारीएवढा बेडूक. मातकट.
गळा फुगवतो. ऐकू काही येत नाही.
पुन्हा फुगवतो.
मग मागचा एक पाय सावकाश बाजूला काढतो,
पूर्ण ताणतो, बोटं पसरतो,
पडद्याचं पांढरं लखकन दिसतं
आणि पाय मिटून जागेवर.

दोन हातांवर दुसरा बसलेला. त्यानंही पाय केला.
उत्तर की धमकी,
वहीत तसा रकाना नाही.
बारा मिनिटांत सतरा वेळा, एवढंच लिहिलं.

वर रस्त्यावर आल्यावर मष्णू बोलला,
मोठ्यानं, नेहमीसारखा:
"उद्यमबागेत बावीस वर्सं फौंड्रीत होतो.
भट्टी, हातोडे, ग्राइंडर. बोंबललं तरी
शेजारच्याला कळायचं न्हाई.
असंच करायचो आमी.
दोन बोटं म्हंजे साचा आण. मूठ म्हंजे थांब.
समोर सुळेभावीचा बसाप्पा.
त्याला मराठी न्हाई, मला कन्नड न्हाई.
माझ्या पोरीच्या लग्नात दोनदा जेवला.
त्ये बेडूक बोलालंय बघ.
तू उगच कान लावून बसलास."

डावा कान त्याचा गेलाय. उजव्यानं निम्मं.

रात्री बॅटऱ्या घेऊन पुन्हा उतरलो.
कारवीत बारके बेडूक टिकटिकत होते.
मी आवाज मोजले,
त्यानं एकेका पानामागून डोळे शोधून दिले.
अकराला तो ओढ्यापलीकडं होता.
मी हाक मारली, चला.
पुन्हा मारली.
मग आठवलं. बॅटरी काखेत धरून
उजेडात हात धरला, बोटं पसरली.

पलीकडून त्यानं मूठ दाखवली.
बॅटरी त्याची खाली, स्वतःच्याच पायाशी.
तिथं काहीतरी होतं.