वजनासकट

नॉक्सव्हिलच्या हॉटेलात, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये,
जिथे काल कुणाच्या तरी लग्नाचा केक कापला गेला,
गालिच्यावर अजून चमकी आहे,
आज आम्ही सहा जण भांडायला उभे:
रातकिड्यांना मारण्याआधी भूल द्यावी का?
कायद्यानं?

नाणं उडवलं. माझ्या वाट्याला 'नको' आलं.

समोर टोबायस क्वार्ल्स, ओहायोचा,
टाय वडिलांचा असावा, फार लांब.
म्हणाला, कारखान्यातल्या एका खोक्यात दहा हजार,
त्यातला एकही कुणी मोजत नाही,
फक्त वजन करतात.
मी लिहून घेतलं: वजन. खाली रेघ.

माझी तीन मिनिटं.
मी म्हणाले, वेदनेचा पुरावा अपुरा आहे.
म्हणाले, थंडीत ते मंद होत जातात, झोपल्यासारखे.
स्वस्त प्रथिनं, भुकेली मुलं,
नियमांचा खर्च शेवटी कुणाच्या ताटातून जातो?
टाळ्या पडल्या.
'झोपल्यासारखे' हा शब्द आदल्या रात्री आरशासमोर
सहा वेळा म्हणून पाहिला होता.

मग परीक्षक बाई, चष्मा कपाळावर, सहज विचारावं तसं:
तुमच्याकडे किड्यांकडे कसं बघतात?

किड्यामुंगीसारखी माणसं मेली, म्हणतो आम्ही,
पूर आला की, पूल पडला की.
म्हणजे मोजली नाहीत.
हे इंग्रजीत कसं सांगू,
आणि हे माझ्या बाजूचं, की टोबायसच्या?
सांगितलं भलतंच: चाळीसगावचं किराणा दुकान,
हरभऱ्यात भुंगे झाले की बाबा गच्चीवर चादर टाकून ते पसरायचे.
ऊन दाखवलं की जातात आपणहून, म्हणायचे.
कुठे जातात, ते मी कधी विचारलं नाही.
हॉल हसला. घंटी वाजली.

एका गुणानं जिंकलो.

सोमवारी लिंकनला बर्फ.
प्रयोगशाळेत माझ्या हातात खोका क्रमांक चौदा,
बुधवारपर्यंत पावडर हवी, वजनासकट.
एरवी फ्रीझरचं दार लावून मी कॉफी आणायला जाते.
आज थांबले, कान पत्र्याला लावून.

अंड्यांच्या ट्रेवर पायांची खरखर.
मग विरळ.
मग एकाचीच,
मला वाटलं होतं त्याहून बराच वेळ,
आणि दुसऱ्या हातात स्टॉपवॉच चालू,
कधी दाबलं आठवत नाही.