तांब्याचा भाव

जुन्या बाजारात, बुधवारी,
एस्तेरबाई किलोवर मिळाल्या.
भंगारवाल्यानं काट्यावर सात प्लेटा ठेवल्या,
म्हणाला, काका, भांड्यातलं तांबं नाही,
पण भाव तोच.

तेवीस वर्षं मी त्यांच्या प्रेसचं चाक फिरवलं,
रास्ता पेठेत, पिठाच्या गिरणीमागं.
गिरणी सुरू झाली की भिंत थरथरायची,
बाई सुई हवेत उचलून धरायच्या
आणि कुणाचे तरी गहू संपेपर्यंत
मला शिकागोची थंडी सांगायच्या.
दोन हिवाळे, एक शिष्यवृत्ती,
आणि एक म्हातारा गुरू, ज्याला भास्तेकर हे आडनाव
शेवटपर्यंत म्हणता आलं नाही.
येताना ट्रंकेत साड्यांखाली लोखंडी रूळ.
कस्टमवाल्यानं विचारलं, हे काय?
म्हणाल्या, लाटणं.

चित्रं थोडी विकली गेली.
एक बँकेत, एक दातांच्या डॉक्टरकडे.
घर चाललं ते लग्नपत्रिकांवर.
पेपरात नाव आलं एकदाच,
'हौशी गृहिणी' म्हणून.
बाईंनी लग्नच केलं नव्हतं.

प्लेटेवर सगळं उलटं असतं.
लकडी पूल उलटा, नदी उलटी वाहणारी,
पाटीवरची 'साखर' उजवीकडून.
आमची पोथी तशीच वाचतात, म्हणायच्या,
मला काय अवघड?

छाप बाराच.
बारावा दोरीवर वाळत गेला
की दाभण घेऊन प्लेटेवर आरपार रेघ.
माझ्या पोटात कालवायचं.
एकदा म्हणालो, बाई, एखादी तरी राहू द्या.
म्हणाल्या, मग त्या बाराजणांना काय सांगू?

भाचा आला इस्रायलहून. कागद नेले.
तांबं जड.

सातांतली एक घेतली मी. नऊशे ग्रॅम.
घरी चिंच लावून घासली,
खिडकीत तिरकी धरली.
गिरणीची भिंत दिसली. चाक दिसलं.
चाकाशी वाकलेला कुणी, बनियनवर,
डाव्या हातानं जोर लावतोय.
मी उजवा.

बराच वेळ बोटानं रेघ शोधली.
रेघ नव्हती.

लाटण्यानं छाप उठत नाही,
मला कळतं, तेवीस वर्षं हेच केलं.
तरी शाई कालवली, कागद भिजत घातला,
आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो,
सूनबाईची पोळ्या लाटून होईस्तोवर.