गुलछडीची पाठ

मे सरला, मुहूर्त सरले.
गुलछडी एकवीस लग्नं नाचून घरी आली आहे.
लाडखेडच्या अलीकडं, नाल्याकाठच्या लिंबाखाली
महेबूबभाईनं तिच्या अंगावरचं एकेक उतरवलं:
आरशांची झूल, कवड्यांचा गळपट्टा,
प्लास्टिकची मोरपिसं,
आणि खालून निघाली
नुसती एक पाठ.

माझ्याकडं तक्ता आहे.
अकोल्याच्या तीन दिवसांच्या शिबिरात मिळालेला,
लॅमिनेशनचे चाळीस रुपये वेगळे.
त्यावरच्या घोड्याला खूप लाल ठिपके आहेत
आणि मालक नाही.
त्याच्या कानाशी कधी डीजे वाजला नाही,
डांबर तापलेलं असताना त्याला कुणी
दोन पायांवर उभं केलं नाही.
म्हणूनच तो इतका सरळ उभा असावा.

तक्ता मी बुंध्याला टेकवला.
शेळीनं कोपरा चावून पाहिला, सोडून दिला.

"सुई तं नाई न टोचत, बाई?"
नाही भाऊ. बोटं फक्त.
"बोटानं का होते?"
माहीत नाही, असं म्हणायचं नाही, शिबिरात बजावलं होतं.
मी म्हटलं, माहीत नाही. पाहू.

आधी हात नुसता ठेवायचा.
कातडी थरथरते, माशी बसल्यावर थरथरते तशी.
मी माशी नाही
हे तिला पटायला वेळ लागतो.
जवसाच्या तेलाचा वास, घामाचा वास,
अजून थोडा अत्तराचाही, कुण्या व्याह्यानं शिंपडलेल्या.
मग कण्यापासून चार बोटं खाली
अंगठा सरकवत न्यायचा,
कणसात दाणा भरला का चाचपतात
तसा.
एक जागा गार. एक जागा ऊन.
आणि एका जागी अंगठा पोचला
तशी तिनं मागचा पाय उचलला.
मारला नाही.
नुसता अधांतरी धरला,
म्हाताऱ्या माणसानं बोलता बोलता
बोट वर करावं तसा.

तक्त्यावर तिथं ठिपका नव्हता.

"तिथीच तं नवरदेव बसते," महेबूबभाई म्हणाला.
एकवीस नवरदेव.
कुणी पन्नास किलोचा, कुणी नव्वदचा,
पुढ्यात बहिणीचं रडकं पोरगं,
सगळे हळदीनं पिवळे, सगळे घाबरलेले,
मांड्या आवळून, हसत, फोटोसाठी.
गावोगावची धास्ती
या तळहाताएवढ्या जागेत.

मी दाबलं नाही.
वजन तेवढं टाकलं आणि तिच्यासोबत श्वास सोडला.
तिचा श्वास माझ्या दुप्पट लांब,
मधेच माझा संपून जायचा.

काळ्याला कुणी बोलावलं नव्हतं.
तो तीन पायांवर आला, चौथा मोटरसायकलनं बिघडवलेला,
आणि माझ्या चपलेवर बसला.
म्हटलं, बरं. डावा हात तुझा.
शेपटीच्या मुळापाशी, कमरेच्या खोबणीत
दोन बोटं ठेवली.
त्यानं दात दाखवले, विचार केला,
हनुवटी माझ्या पावलावर टेकली.

मग गुलछडीनं जांभई दिली.
पिवळे दात, अख्खी जीभ, डोळ्यांतलं पांढरं,
महेबूबभाई धावत आला: "काय झालं वो तिले?"
काही नाही. जांभई आहे.
दुसरी आली. तिसरी.
खालचा ओठ सैल सुटून लोंबायला लागला
शिवण उसवलेल्या पिशवीसारखा.
"बारा वर्सात पाह्यली नाई मी तिची जांभई,"
तो म्हणाला,
"मलेबी दाखवा कुठी दाबायचं."

मी त्याचा अंगठा धरायला गेले.
गरज नव्हती. न पाहता
तो नेमका तिथंच जाऊन टेकला.
"इथी खोगिराची पट्टी येते," तो म्हणाला.
"लोखंडाची. मूळची तुटली होती.
मीच ठोकली, सस्त्यातली."

पुढं तो काही बोलला नाही.
अंगठाही काढला नाही.
काळ्या तोवर मखमली झुलीवर जाऊन
आरशांमध्ये झोपला होता,
दुखरा पाय वर करून.