मागची चेन

मारुती चौकातून आत, तांबटाच्या दुकानाला खेटून
आमचं दुकान. नाटक, गॅदरिंग, फॅन्सी ड्रेस,
भाड्याने. डिपॉझिट वेगळं.
डिसेंबरात पाणी प्यायला उसंत नसते.

रजिस्टर मी लिहिते.
विजेचा वीर: सहा नग, वय चार ते चौदा.
आगीचा: पाच, एकाची बाही उसवलेली.
वाऱ्याचा, वाळूचा, आणि तो मुखवटेवाला
ज्याच्या छातीत फोमचे स्नायू आहेत
आणि धुतले की दोन दिवस वाळत नाहीत.
शेवटच्या ओळीत: लेडीज, एक नग, फ्री साइज.

नाव नाही तिला. गठ्ठा आला तेव्हा
पाकिटावर चित्र होतं:
पुढे चौघे, मुठी वळून,
ती कडेला, कंबर मुरडून,
चेहरा आणि पाठ दोन्ही एकाच वेळी आपल्याकडे.
असं उभं राहून पाहा एकदा.
मी पाहिलं, शटर ओढून. उसण भरली.

बाकीच्यांना पुढून वेलक्रो.
चार वर्षांचं पोरगंही फर्रकन आत शिरतं.
हिला चेन पाठीमागे, मानेपासून कमरेपर्यंत.
म्हणजे जग बुडत असताना
ही आधी कुणाला तरी हाक मारणार,
"जरा चेन लावता का?"

आया ड्रेस उलटासुलटा करतात.
"आत लेगिंग चालेल ना?"
"त्यापेक्षा परी द्या."
आणि ती परत पोटमाळ्यावर.

पुराच्या साली कृष्णा दुकानात आली,
सहा दिवस राहिली.
सगळे वीर गाळात. मग तारेवर
रांगेने उलटे टांगले,
बाह्यांतून चॉकलेटी पाणी ठिबकत होतं
आणि जाता जाता माणसं हसत होती,
बऱ्याच दिवसांनी.
ती तेवढी कोरडी.
कुणी नेलीच नव्हती म्हणून वाचली.
याला नशीब म्हणावं का
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा आली तस्लीम मुजावर, सहावी ब,
वडील मार्केट यार्डात, दप्तरालाही हळदीचा वास.
"उडणारी पाहिजे."
"परी?"
"परी नाही ओ. मारामारीवाली."

मी शिडी लावली.
तिने आरसा पाहिलाच नाही. कंबर चाचपली.
"खिसा कुठाय?"
"हिला खिसा नसतो गं."
"मग पंप कुठं ठिवायचा?"
दम्याचा निळा पंप, मुठीत
घामेजलेला.

त्या रात्री घागरा उसवला.
आगीच्या वीराची विजार जोडली,
नाहीतरी त्याची बाही गेलेलीच.
चेन पुढे घेतली.
खिसे दोन. एक पंपाला.
दुसरा कशाला, विचारू नका. असावा.

गॅदरिंगला मला जाता आलं नाही, गिऱ्हाईक होतं.
सोमवारी ड्रेस परत आला, गुडघ्यावर फाटून.
नियमाने वीस रुपये कापायला हवेत.
"कसं झालं?"
"बाईंनी मागं उभं केलं. उंच हाईस म्हणाल्या."
"मग?"
"मग काय. मागनंच उडी मारली."

रजिस्टरात फ्री साइज खोडलं.
छाती अठ्ठावीस, उंची चार फूट दहा.
नावाची जागा तशीच ठेवली.
दुसऱ्या खिशात बेदाण्याची देठं निघाली,
पाचसहा.
झटकली नाहीत अजून.